दहाच्या नाण्यासाठी सबंध संच

गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतील एका जुन्या घरातून आम्हां दोघांना सल्ल्यासाठी बोलावणे आले. घर मिरजकर तिकटीपासून चालत पाचेक मिनिटांवर. बोलावणारे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वयाने ऐंशीच्या घरातले. आमच्यापैकी एकजण त्यांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे दुसऱ्यालाही ते 'सर'च. प्रश्न नाण्यांचा होता. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक, नाण्यांशी आमचा संबंध ती महिनाअखेरीस मोजण्यापुरता. तसे आम्ही म्हणूनही पाहिले. त्यावर सर म्हणाले, "व्यापाऱ्याला विचारलं तर तो भाव सांगतो. मुलांना विचारलं तर कपाटात किती जागा अडली ते सांगतात. तुम्ही तिसरं काहीतरी सांगाल, म्हणून बोलावलं." ते तिसरे काय असावे याविषयी आमच्या दोघांत त्या दिवशी मतभेद झाला. पुढे तो मिटला. कसा मिटला, ते इथे मांडावे असे वाटते, कारण आमच्या मते त्याचा संबंध नाण्यांपुरता उरत नाही.

सर गेली चाळीस वर्षे स्मारक नाणी जमवत आहेत. तीही फक्त दहा रुपयांची. याला एक कारण आहे. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. वजन १५ ग्रॅम, त्यात ऐंशी टक्के चांदी. सरांच्या वडिलांनी ते बँकेतून आणून देवघरात ठेवले होते. पुढे घरातल्या एका आजारपणात ते मोडावे लागले. नोकरीत स्थिरावल्यावर सरांनी पहिल्यांदा तेच नाणे मिळवले, मग त्याच्या पुढचे, मग त्याच्याही पुढचे. अडचण एकच होती. अनेक दहाची नाणी बाजारात सुटी मिळण्याजोगी नव्हती. ती टांकसाळीच्या संचात होती, आणि संच फोडून देण्याची पद्धत टांकसाळीत नाही. एक दहाचे नाणे हवे तर चार नाण्यांची पेटी घ्या. अशा पेट्यांनी सरांचे लोखंडी कपाट भरून गेले. त्यांतील दहाच्या नाण्यांकडे सर रोज पाहत, उरलेल्यांकडे क्वचित.

संच म्हणजे काय, हे आम्हांलाही त्या दिवशी नीट कळले. स्मारक नाणी काढताना टांकसाळ संग्राहकांसाठी दोन प्रकारचे संच करते. एकात नेहमीच्या पद्धतीने पाडलेली, पण कोणाच्या हातात न गेलेली नाणी असतात. दुसरा प्रूफ संच. त्यासाठी कोरी चकती चकचकीत करतात, ठसाही घासून आरशासारखा करतात आणि तो चकतीवर एकाहून अधिक वेळा उमटवतात. त्यामुळे पार्श्वभूमीत पाहणाऱ्याचे तोंड दिसते आणि वर उठलेली आकृती दुधी, धूसर दिसते. मुंबईच्या टांकसाळीतल्या प्रूफ नाण्यावर सालाखाली पूर्वी 'बी' हे अक्षर असे, १९९६ पासून 'एम' असते. अशा नाण्याला बोट लावायचे नाही. बोटाचा डाग पडला की त्याचे प्रूफपण गेले. आपल्या भाषेत खरेपणाची कसोटी म्हणून 'खणखणीत नाणे' म्हणण्याचा प्रघात आहे, पण खणखणीत आहे की नाही हे कळायला ते फरशीवर टाकावे लागते. प्रूफ नाण्याची ही परीक्षा कधीच होऊ शकत नाही.

मराठीच्या माणसाला इथे आणखी एक गोष्ट सुचल्याशिवाय राहत नाही. छापखान्यातल्या प्रूफाला आपण 'मुद्रित' म्हणतो. नाण्याला 'मुद्रा' म्हणतात. टंकलेखनातला 'टंक' आणि टांकसाळीतला 'टंक' एकच. म्हणजे पुस्तक आणि नाणे ही दोन्ही आपल्या शब्दांच्या लेखी ठसा उमटवण्याचीच कामे आहेत. मात्र पुस्तकाचे मुद्रित हे चुका शोधण्यासाठी असते, त्यावर लाल शाईने लिहायचे असते. नाण्याचे प्रूफ निर्दोष म्हणून जपायचे असते.

सरांनी त्या दिवशी समोर ठेवलेली पेटी २००२ सालची, संत तुकारामांची होती. या प्रसंगी तीन नाणी निघाली: शंभर रुपयांचे, दहा रुपयांचे आणि दोन रुपयांचे. दोन रुपयांचे तांबे-निकेलचे, अकरा कडांचे नाणे चलनात आले. ते वाचकांपैकी अनेकांच्या हातून गेले असेल; वाण्याने परत केलेल्या सुट्या पैशांत आले असेल, वारीच्या वाटेवर कोणाच्या तरी थाळीत पडले असेल. शंभराचे आणि दहाचे नाणे मात्र पेटीतच राहिले. शंभराचे चांदीचे: वजन ३५ ग्रॅम, पैकी निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. दहाचे तांबे-निकेलचे. सरांना हवे होते हे मधले. त्याच्यासाठी त्यांनी चांदीच्या नाण्याची किंमत मोजली, आणि जे दोन रुपयांचे नाणे खिशात आधीच होते तेही पुन्हा विकत घेतले.

यातला विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल. ज्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा सांगते, त्या देहूच्या वाण्याचे चित्र असलेले नाणे मिळवायला आधी चांदी विकत घ्यावी लागते. ज्याच्या पालखीपुढे लोक एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या नाण्याला हात लावायचा नाही. आमच्यापैकी एकाचा सगळा राग यावर होता. सरकारी टांकसाळ ही सार्वजनिक संस्था आहे. तिने एखाद्या चतुर दुकानदारासारखे हव्या वस्तूच्या गळ्यात नको त्या वस्तू बांधू नयेत, असे त्याचे म्हणणे. मंडईत भाजीचा वाटा घेताना वरचे चार टोमॅटो पाहून आपण घेतो आणि खालचे दोन मऊ निघतात, तसाच हा प्रकार. आणि तो केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९७० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत केनेडींचे चित्र असलेले अर्ध्या डॉलरचे नाणे पाडले गेले, त्यात चाळीस टक्के चांदी होती. ते चलनासाठी दिलेच नाही, फक्त वर्षाच्या संचात घातले. ज्याला ते हवे, त्याने एका सेंटपासून सगळी किरकोळ नाणीही घ्यायची. तेथील संग्राहकांनी ती घेतली, आणि अनेकांनी अर्धा डॉलर काढून घेऊन बाकीची खर्चून टाकली.

सरांपुढचा प्रश्न नेमका हाच होता. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने सगळी दहाची नाणी एकगठ्ठा घेण्याची तयारी दाखवली होती, आणि भाव बरा देऊ केला होता. पेट्यांची त्याला गरज नव्हती. शंभराच्या नाण्यांचे काय करायचे, असे विचारता 'ती चांदीच्या हिशेबाने कोणीही घेईल' असे त्याने सांगितले. त्याचा रोख गुजरीतल्या तराजूकडे होता. (नाणे वितळवणे हा २०११ च्या नाणे अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक नसावे किंवा ठाऊक असून सांगायचे नसावे.) उरलेली एक-दोन-पाच रुपयांची नाणी मुलांनी बाजारात चालवावीत. सरांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. मुलांकडे मागायचे नव्हते. तेव्हा हा निव्वळ हौसेचा प्रश्न नव्हता.

आमच्यापैकी पहिल्याचे मत: संच फोडावेत. ती पेटी सरांनी मागितली नव्हती, ती त्यांच्या माथी मारली गेली. जे मुळात जबरदस्तीने एकत्र आले, ते एकत्र ठेवण्याचे बंधन कोणावरच नाही. दुसऱ्याचे मत: फोडू नयेत. का, ते मात्र त्याला त्या क्षणी सांगता येईना. 'संच अखंड असावा' ही भावना झाली. भावनेवर गुडघ्याची शस्त्रक्रिया होत नाही.

घरी परतताना त्याला जोगळटेंभीची आठवण झाली. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. सुटे नाणे म्हणून पाहिले तर त्यांपैकी कुठलेही विशेष नाही, एकासारखे दुसरे. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचे राज्य सातवाहनांनी जिंकून घेतले, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. हा पुरावा एका नाण्यात कितीसा असणार? तो त्या ढिगात आहे, किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती नाण्यांवर नाही या प्रमाणात आहे. गावातल्या कोणी सुबक अशी दहा नाणी उचलून बाकीची सोनाराला घातली असती, तर त्या दहा नाण्यांना चांगला भाव आला असता आणि इतिहासाचे एक पान गेले असते.

पहिल्याने यावर जो आक्षेप घेतला तो बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो म्हणाला, जोगळटेंभीचा ठेवा काळाने जमवला. सरांचा संच एका कार्यालयाने ठरवला. ठेव्यातली नाणी एकत्र होती, कारण ती एकत्र वापरात होती. पेटीतली नाणी एकत्र आहेत, कारण कोणीतरी मखमलीत तीन खळगे केले. विक्रीच्या सोयीला पुरावा म्हणता येत नाही.

हे खरे आहे. एका पेटीबद्दल ते पूर्ण खरे आहे. म्हणून आम्ही दुसऱ्या रविवारी पुन्हा मंगळवार पेठेत गेलो आणि एक पेटी न पाहता सगळ्या पेट्या सालवार मांडून पाहिल्या. सरांनी हे कधी केले नव्हते. त्यांनी नेहमी दहाची नाणी सालवार मांडली होती.

नुसती दहाची नाणी मांडली की दिसते ते असे. १९६९ आणि १९७० ची नाणी चांदीची, ऐंशी टक्क्यांची. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या नाण्यात, नाणे वजनाने वाढले पण चांदी निम्म्यावर आली. १९७३ च्या 'अधिक अन्न पिकवा' नाण्यातही निम्मीच. १९७४ च्या कुटुंबनियोजनाच्या नाण्यात ती गेली. दहाचे नाणे तांबे-निकेलचे झाले. म्हणजे वडिलांच्या देवघरातल्या नाण्यातली चांदी पाच वर्षांत नाहीशी झाली. सरांना हे ठाऊक होते. ते म्हणाले, "माझ्या पगाराचंही तसंच झालं." त्या वर्षांतली महागाई आठवणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

पण त्याच सालांच्या पेट्या शेजारी मांडल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. १९७३ साली दहाच्या बाजूला एक नवे, मोठे नाणे येऊन बसले: वीस रुपयांचे, निम्म्या चांदीचे. १९७४ साली त्याच्या जागी पन्नास रुपयांचे आले. दहाच्या नाण्यातून चांदी गेली ती त्याच वर्षी. १९८० साली ती शंभराच्या नाण्यात गेली आणि तिथे स्थिरावली. तुकारामांच्या पेटीतही ती शंभरातच आहे. चांदी नाहीशी झालेली नव्हती. ती पेटीतल्या पेटीत एक-एक खळगा वर सरकत गेली होती. नुसत्या दहाच्या नाण्यांवरून चांदी गेली एवढे कळते. ती कुठे गेली, हे पेटी सांगते. सरांनी चाळीस वर्षे ज्या नाण्यांना बाजूची, नको असलेली, पैसे वाया घालवणारी म्हणून दुर्लक्षिले, त्यांच्यातच त्यांच्या आवडत्या नाण्याची पुढली हकीकत होती.

आक्षेप घेणारा इथे गप्प झाला, आणि आम्ही दोघेही थोडे ओशाळलो. कारण हे आम्हांला पेट्या मांडल्यावर कळले, आणि आम्ही रोज वर्गात याच्या नेमके उलट शिकवत असतो.

तुकारामांच्या गाथेचेच पाहू. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी साह्याने सिद्ध केलेली प्रत १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत निघाली. पुढे १९५० साली शासनाने गाथा छापली. तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. अभ्यासक्रमात आपण त्यांतले दहा-पंधरा नेमतो. नेमावेच लागतात; सगळी गाथा एका सत्रात होणार नाही. पण नेमलेल्या अभंगांची छायाप्रत वर्गात फिरू लागली की गाथा वर्गातून जाते. विद्यार्थी विचारतो, "सर, यातले महत्त्वाचे कुठले?" म्हणजे पंधरातले तीन. आम्ही त्याला तेही सांगतो. वर्षाअखेरीस त्याच्या हाती तीन चकचकीत अभंग असतात, बोट न लागलेले; परीक्षेत ते बरोबर उमटतात. त्यांच्या आधीच्या अभंगात तुकोबा देवाशी भांडले होते, नंतरच्या अभंगात स्वतःवर चिडले होते, त्याच्याही नंतर संसाराचा कंटाळा आला होता, हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. आम्ही संच फोडून विकणारे व्यापारी आहोत, फक्त आम्हांला भाव मिळत नाही.

आमच्या पिढीचा अनुभव वेगळा होता तो आमच्या गुणामुळे नव्हे, नाइलाजामुळे. छायाप्रतीची सोय फारशी नव्हती. एक कथा हवी तर अख्खा दिवाळी अंक घ्यावा लागे; एक लेख हवा तर समग्र वाङ्मयाचा जाड खंड ग्रंथालयातून घरी वाहून न्यावा लागे. नको असलेली पाने हातात पडत. बसची वाट पाहताना, दिवे गेलेले असताना, दुसरे काही हाताशी नसताना ती वाचली जात. आज जे लेखक आम्हांला आपले वाटतात, त्यांतले कितीतरी अशा नको असलेल्या पानांवर भेटले. टांकसाळीने सरांवर लादलेली सक्ती आणि आमच्यावर परिस्थितीने लादलेली सक्ती यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

याचा अर्थ सक्ती चांगली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणे पोट भरलेल्याने उपासाचे गुण गाण्यासारखे होईल. टांकसाळीविषयी आमचे म्हणणे असे आहे. संच असावेत; पण ज्या संचातले एखादे नाणे इतर कुठल्याच मार्गाने मिळणार नाही, ते नाणे एकटेही विकत मिळावे. विशेषतः ज्यात चांदी नाही, असे. कोल्हापुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला तुकारामांचे दहाचे नाणे टेबलावर ठेवावेसे वाटले, तर त्यासाठी त्याला साडेसतरा ग्रॅम चांदी विकत घेण्याची अट नसावी. ज्याला पेटी हवी तो पेटी घेईलच.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. टागोरांच्या दीडशेव्या जयंतीची नाणी २०११ साली निघाली, तेव्हा दीडशे रुपयांच्या जोडीला पाच रुपयांचे नाणेही होते. डॉ. आंबेडकरांच्या एकशे पंचविसाव्या जयंतीचे नाणे २०१५ साली निघाले, तेव्हा एकशे पंचवीस रुपयांच्या जोडीला दहा रुपयांचे होते. म्हणजे पेटीतल्या महागड्या नाण्याचा एक गरीब भाऊ बाजारात फिरत असे, आणि पेटी उघडली की ते दोघे शेजारी दिसत. २०२३ साली नव्या संसद भवनाचे नाणे निघाले ते पंचाहत्तर रुपयांचे, एकटेच. ३५ ग्रॅम, निम्मी चांदी. त्यात नको असलेले काही गळ्यात पडण्याची तक्रार उरली नाही. पण ते भाजीवालीच्या हातातून परत येण्याची शक्यताही उरली नाही. संच फोडण्याचा प्रश्न असा सुटणार असेल, तर तो न सुटलेला बरा. ज्याच्या नावाने नाणे काढायचे, ते लोकांच्या हातात पडेल अशा किमतीचे एक तरी असावे, आणि ते त्याच पेटीत मोठ्या नाण्याच्या शेजारी असावे.

सरांनी शेवटी काय केले, हे वाचक विचारतील. त्यांनी तिसऱ्या रविवारी निर्णय सांगितला. १९८० नंतरच्या, आमच्या मांडणीत फारसे काही न सांगणाऱ्या काही पेट्या त्यांनी विकायच्या ठरवल्या. पण विकायच्या त्या अखंड. सुटे दहाचे नाणे व्यापाऱ्याला मिळणार नाही. भाव पडेल, असे मुलांनी सांगितले. सर म्हणाले, "पडू दे. मी पण सबंधच घेतली होती." १९६९ ते १९८० च्या पेट्या आणि तुकारामांची पेटी त्यांनी ठेवली.

आम्हांला त्यांनी एक काम दिले आहे. त्यांच्या संग्रहाची वही आहे, दोनशे पानी, शाळेच्या वह्यांसारखी आखलेली. साल, प्रसंग, धातू, वजन, कितीला घेतले. चाळीस वर्षांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात आहेत, सगळ्या दहाच्या. पेटीतल्या उरलेल्या नाण्यांसाठी त्या वहीत रकानाच नाही. सध्या आम्ही दर रविवारी जाऊन तो आखतो आहोत. १९७३ पर्यंत आलो आहोत. वीस रुपयांच्या नाण्याची नोंद परवा झाली.